ओळंबा, हिमालय आणि किल्लारी

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर, किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. दगड-मातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसे गेली.

मी तेव्हा शाळेत होतो. त्याच वर्षी भूगोलाच्या तासाला आम्ही शिकलो होतो की दख्खनचे पठार हा अतिप्राचीन व स्थिर भूभाग आहे, भूकंप होतात ते हिमालयात. वर्गातल्या एका मुलाने सरांना विचारले, “सर, आपले पठार स्थिर आहे ना? मग हे कसे झाले?” सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पुस्तकात तसे आहे खरे.” प्रामाणिक उत्तर होते. भूकंपाच्या धोक्यानुसार देशाचे विभाग पाडणाऱ्या त्या वेळच्या अधिकृत नकाशातही हा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रातच होता.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर पुढे मला भूभौतिकी शिकताना थोडे थोडे मिळत गेले. त्याची सुरुवात मात्र भूकंपापासून होत नाही. ती होते १८०२ साली मद्रासला सुरू झालेल्या एका मोजणीपासून आणि गवंड्याकडे असतो तशा एका साध्या ओळंब्यापासून.

तीन रंगांचा नकाशा

भारताचे प्राकृतिक विभाग आपण सर्वजण शिकवतो. हिमालय, उत्तर भारतीय मैदान, द्वीपकल्पीय पठार, किनारपट्टी आणि बेटे. यातले पहिले तीन मुख्य. नकाशात त्यांना तीन वेगळे रंग असतात आणि परीक्षेत प्रत्येकावर वेगळी टीप येते. एक उंच पर्वत, एक सपाट गाळाचे मैदान, एक जुने झिजलेले पठार. मुलांच्या मनात चित्र असे राहते की जणू तीन वेगवेगळे तुकडे शेजारी शेजारी ठेवले आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नद्यांपुरताच आहे.

हे वर्णन चुकीचे नाही, पण ते केवळ पृष्ठभागाचे आहे. खाली काय आहे हे कळायला खोदकाम करावे लागले असे वाटेल. प्रत्यक्षात त्याचा पहिला सुगावा लागला तो आकाशातल्या ताऱ्यांचे वेध घेताना.

मद्रास ते मसुरी

१८०२ साली विल्यम लॅम्बटन या लष्करी अधिकाऱ्याने मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंट येथे सुमारे साडेसात मैलांची एक आधाररेषा साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजली. हाच पुढे ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ.

पद्धत शाळेतल्या भूमितीचीच आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. एक आधाररेषा जमिनीवर मोजली, दूरच्या टेकडीकडे दोन्ही टोकांपासून कोन घेतले, की टेकडीचे अंतर मिळते. ते अंतर ही पुढच्या त्रिकोणाची बाजू. अशी त्रिकोणांची साखळी करत शेकडो कोस जाता येते. कोन मोजण्यासाठी लॅम्बटनकडे जो मोठा थिओडोलाइट होता त्याचे वजन जवळजवळ अर्धा टन होते. तो डोंगरमाथ्यांवर, देवळांच्या शिखरांवर चढवून कोन घ्यायचे.

लॅम्बटनने वीस वर्षे हे काम केले. नागपूरकडे जात असताना, २० जानेवारी १८२३ रोजी, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. विदर्भातल्या शिक्षकांना मुलांची सहल न्यायची असेल तर विज्ञानाच्या इतिहासातले हे ठिकाण फार दूर नाही.

त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ही साखळी उत्तरेला नेली. पठारावर काम त्यातल्या त्यात सोपे होते, कारण टेकड्या जागोजाग होत्या. गंगेच्या मैदानात उतरल्यावर पंचाईत झाली. सपाट जमीन, दाट झाडी आणि धुळीने भरलेली हवा. एका ठाण्यावरून दुसरे दिसेना. तेव्हा पन्नास-साठ फुटी पक्के बुरूज बांधावे लागले आणि रात्री दिवे लावून वेध घ्यावे लागले. प्राकृतिक विभाग बदलला की मोजणीची रीत कशी बदलते, याचे हे चांगले उदाहरण आहे. कन्याकुमारीजवळून मसुरीच्या पायथ्यापर्यंत सुमारे २,४०० किलोमीटर लांबीची ही साखळी १८४१ साली पूर्ण झाली.

पाच विकलांचा फरक

या कामात तपासणीची एक सोय होती. दोन ठिकाणांच्या अक्षांशांतला फरक दोन स्वतंत्र मार्गांनी काढता येतो. पहिला मार्ग त्रिकोणांच्या साखळीचा. अंतर मोजले, पृथ्वीचा आकार माहीत आहे, तेव्हा अक्षांशांतला फरक गणिताने मिळतो. दुसरा मार्ग ताऱ्यांचा. एखादा तारा डोक्यावरच्या बिंदूपासून, म्हणजे खस्वस्तिकापासून, किती अंशांवर आहे हे दोन्ही ठिकाणी मोजायचे.

आता खस्वस्तिक कुठे आहे हे कसे ठरवायचे? ओळंबा लावून. ओळंब्याची दोरी ज्या रेषेत लोंबते ती रेषा वर वाढवली की खस्वस्तिक. सगळा वेध ओळंब्याच्या सरळपणावर अवलंबून.

मध्य प्रदेशात सिरोंजजवळ कल्याणपूर आणि दिल्लीच्या उत्तरेला, गंगा-यमुनेच्या दुआबात कलियाना अशी दोन ठाणी होती. दोन्ही जवळजवळ एकाच रेखावृत्तावर, एकमेकांपासून सुमारे ६०० किलोमीटरांवर. साखळीच्या मोजणीने त्यांच्या अक्षांशांतला फरक ५ अंश २३ कला ४२.२९४ विकला आला. ताऱ्यांच्या वेधाने ५ अंश २३ कला ३७.०५८ विकला. (एका अंशाचे ३६०० भाग केले की एक विकला.) दोन उत्तरांत ५.२३६ विकलांची तफावत होती.

पाच विकला म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटर. सहाशे किलोमीटरांत एवढी चूक आपल्याला क्षुल्लक वाटेल, पण या मोजणीची अचूकता याहून कितीतरी चांगली होती. साखळी जमिनीवर इंचाइंचाने तपासलेली, प्रत्येक कोन अनेकदा घेतलेला. एव्हरेस्ट यांनी ही तफावत मोजणीतल्या चुकीत धरून साखळीभर वाटून टाकली. हिशेब जुळला, पण शंका राहिली.

शंका अशी होती. कलियाना हिमालयाच्या जवळ आहे. हिमालय हे प्रचंड वस्तुमान. न्यूटनच्या नियमाप्रमाणे ते ओळंब्याच्या लोलकाला आपल्याकडे ओढणारच. मग ओळंबा उभा राहणार नाही, किंचित उत्तरेकडे कलेल. खस्वस्तिक तेवढेच दक्षिणेकडे सरकेल आणि कलियानाचा अक्षांश खऱ्यापेक्षा कमी भरेल. कल्पना नवी नव्हती. १७३८ मध्ये पिएर बुगेर यांनी दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो पर्वताजवळ आणि १७७४ मध्ये नेव्हिल मॅस्केलिन यांनी स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराजवळ ओळंब्याचा असा कल मोजला होता. बुगेर यांना तो अपेक्षेपेक्षा फारच कमी आढळला होता.

आर्चडीकनचे गणित

हिमालयाची ओढ नेमकी किती, हे मोजायचे काम अंगावर घेतले ते कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट यांनी. धर्मोपदेशक असले तरी ते केंब्रिजला गणित शिकलेले होते. त्यांनी ठाण्याभोवतीचा सारा प्रदेश वर्तुळांनी आणि त्रिज्यांनी लहान लहान खणांत विभागला, प्रत्येक खणाची सरासरी उंची धरून त्यातल्या खडकाचे वस्तुमान काढले आणि प्रत्येक खण ओळंब्याला किती ओढेल त्याची बेरीज केली. हा सगळा हिशेब हाताने.

उत्तर आले ते सर्वांना चक्रावून टाकणारे होते. कलियाना येथे ओळंबा २७.८५३ विकला कलायला हवा होता आणि कल्याणपूरला ११.९६८ विकला. या दोहोंतला फरक १५.८८५ विकला. म्हणजे तफावत सुमारे १६ विकलांची दिसायला हवी होती, प्रत्यक्षात दिसली होती ५.२३६. हिमालय अपेक्षेच्या एक तृतीयांशच ओढत होता!

तिबेटची उंची तेव्हा कोणी नीट मोजलेली नव्हती. म्हणून प्रॅट यांनी आपले आकडे कमी-जास्त करून पाहिले, खडकाची घनता कमी धरून पाहिली. तरीही सोळाचे पाच होईनात. १८५४ च्या डिसेंबरात त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला, प्रश्न न सुटताच.

इथे क्षणभर थांबून आपण कशाबद्दल बोलतो आहोत ते पाहावे. एक मीटर लांबीचा ओळंबा पाच विकलांनी कलला तर त्याचे टोक एका मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या भागाएवढे सरकते. एवढ्या सूक्ष्म फरकावर विश्वास ठेवून ‘निसर्गात काहीतरी वेगळे आहे’ असे म्हणायला आपल्या मोजणीवर केवढा भरवसा हवा! तो भरवसा उन्हातान्हात, हिवतापात साखळ्या ओढणाऱ्या शेकडो भारतीय खलाशांच्या आणि देहरादूनला बसून आकडेमोड करणाऱ्यांच्या श्रमातून आला होता. राधानाथ सिकदार १८३१ पासून याच कामावर होते. त्यांच्या पदाचे नावच ‘कॉम्प्युटर’ असे होते.

तराफ्याचे लाकूड

प्रॅट यांच्या निबंधानंतर दीडच महिन्यात, जानेवारी १८५५ मध्ये, इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांचा निबंध वाचला गेला. तो अवघ्या चार पानांचा होता. एअरी यांचे म्हणणे थोडक्यात असे. ओढ कमी आहे याचे आश्चर्य वाटण्याचे कारणच नाही. एवढा प्रचंड पर्वत नुसता भूकवचाच्या पाठीवर ठेवला असता तर कवच फाटून तो खाली गेला असता. ज्या अर्थी तो उभा आहे, त्या अर्थी त्याला खालून आधार आहे. कवच त्याच्याखाली जाड असले पाहिजे आणि ते जाड मूळ खालच्या अधिक घन द्रव्यात बुडलेले असले पाहिजे. तराफ्यात एखादे लाकूड इतरांपेक्षा वर आलेले दिसले, तर ते पाण्याखालीही इतरांपेक्षा खोल गेलेले असणार हे आपण न पाहताच सांगतो. पर्वताचे तसेच.

याने ओळंब्याचे कोडे सुटते. वरचा पर्वत लोलकाला ओढतो. पण खाली, जिथे जड द्रव्य असायला हवे तिथे पर्वताचे हलके मूळ शिरलेले असल्याने, तेवढी ओढ कमी होते. वरची जमा आणि खालची वजाबाकी मिळून पाच विकला उरतात.

हे वर्गात सहज दाखवता येते. एकाच लाकडाचे पण वेगवेगळ्या जाडीचे, चांगले रुंद असे तीन-चार ठोकळे घ्या आणि काचेच्या पाण्याच्या टाकीत शेजारी शेजारी तरंगू द्या. मुलांना बाजूने पाहायला सांगा. वरची बाजू जितकी उंच, तितकी खालची बाजू खोल.

वरच्या वर्गांतल्या मुलांना थोडे गणितही देता येईल. भूकवचाची सरासरी घनता २.८ आणि खालच्या प्रावरणाची ३.३ धरू. उंची h असेल तर मुळाची खोली = h × २.८ ÷ (३.३ − २.८), म्हणजे उंचीच्या सुमारे साडेपाच पट. तिबेटचे पठार सरासरी ५ किलोमीटर उंच. मूळ २८ किलोमीटर. समुद्रसपाटीजवळचे साधारण कवच ३७ किलोमीटर धरले तर एकूण जाडी ३७ + ५ + २८ = ७० किलोमीटर. भूकंपलहरींच्या अभ्यासातून तिबेटखालच्या कवचाची जाडी आज सुमारे ७० किलोमीटर म्हणूनच सांगितली जाते.

एअरी यांची एक गोष्ट मात्र टिकली नाही. त्यांना वाटत होते की कवचाखाली वितळलेला रस आहे. प्रावरण घन आहे, पण लाखो वर्षांच्या मानाने ते अतिशय सावकाश वाहते, हे पुढे कळले. प्रॅट यांनीही नंतर आपले वेगळे स्पष्टीकरण मांडले. त्यांच्या मते पर्वताखालचे कवच जाड नसून हलके असते. आज या दोन्ही गोष्टी कमीअधिक प्रमाणात घडतात असे मानतात. या समतोलाला अमेरिकन भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन यांनी १८८० च्या दशकात ‘आयसोस्टसी’ हे नाव दिले.

पुढचा पुरावा लंबकाचा. गुरुत्वाकर्षण कमी असेल तिथे लंबक सावकाश हलतो. १८६५ पासून जेम्स बसेव्ही हे अधिकारी लंबक घेऊन भारतभर फिरले. लडाखमधल्या मोरे येथे, साडेचार हजार मीटरांहून अधिक उंचीवर त्यांनी वेध घेतले. तिथेही गुरुत्वाकर्षण हिशेबापेक्षा कमी आढळले. १८७१ मध्ये तिथल्या थंडीत काम करत असतानाच त्यांचा मृत्यू झाला.

मैदानाखाली काय आहे?

आता दुसऱ्या विभागाकडे, मैदानाकडे येऊ. गंगेचे मैदान गाळाचे आहे हे उघडच आहे. पण गाळ किती खोल? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लखनौ येथे सुमारे ४०० मीटर खोल विंधण घेतले, तरी खडक लागला नाही.

इथे पुन्हा ओळंबा आणि लंबक कामी आले. गाळ खडकापेक्षा हलका असतो, त्यामुळे त्याची खोली गुरुत्वाकर्षणात उमटते. सर्वेक्षण खात्याचे सिडनी बरार्ड यांना वाटले की मैदानाखाली भूकवचाला एक लांबलचक, अतिशय खोल चीर पडली असावी. भूवैज्ञानिक आर. डी. ओल्डहॅम यांनी १९१७ मध्ये तेच आकडे तपासून वेगळे चित्र मांडले. चीर नव्हे, तर उताराची खोलगट बशी. दक्षिणेच्या काठाला उथळ, उत्तरेकडे खोल होत जाणारी, आणि हिमालयाच्या पायथ्याशी गाळाची जाडी १५ ते २० हजार फूट, म्हणजे साडेचार ते सहा किलोमीटर. नंतरच्या काळात तेलाच्या शोधासाठी झालेल्या पाहण्यांनी हेच चित्र मूलतः बरोबर ठरवले.

मग ही बशी झाली कशी? १९६० च्या दशकात भूपट्टांचा सिद्धान्त आल्यावर याचे उत्तर मिळाले. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत हिमालयाखाली घुसतो आहे. हिमालयाचा भार त्याच्या उत्तर कडेवर पडला आहे. टेबलाच्या कडेबाहेर निघालेली फूटपट्टी टोकाला दाबली की वाकते, तसा हा भूपट्ट खाली वाकला आहे. वाकल्याने झालेला खळगा हिमालयातूनच आलेल्या गाळाने भरला, तेच मैदान. हेलेन ल्यों-काँ आणि पीटर मोल्नार यांनी १९८३ मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या आकड्यांवरून या वाकण्याचे गणित मांडले.

यातून एअरी यांच्या चित्रातही एक सुधारणा झाली. पर्वत केवळ लाकडासारखा तरंगत नाही. त्याचा काही भार शेजारचा ताठ भूपट्ट वाकून तोलून धरतो.

पठारही वाकते

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येता येईल. मैदानाखाली वाकलेला भूपट्ट दुसरा तिसरा कोणता नसून आपल्या पठाराचाच उत्तरेकडचा भाग आहे. बुंदेलखंडात उघडा दिसणारा खडक उत्तरेकडे गाळाखाली उतरत जातो आणि हिमालयाखाली शिरतो.

ताठ पट्टी एके ठिकाणी खाली दाबली की थोड्या अंतरावर ती किंचित वर उचलली जाते. मध्य भारतात असा उंचवटा आहे. १९०१ मध्ये बरार्ड यांना ओळंब्याच्या कलांवरून मध्य भारतात पूर्व-पश्चिम असा जास्त ओढ असणारा पट्टा सापडला होता. त्याला त्यांनी ‘दडलेली पर्वतरांग’ म्हटले होते. आज अनेक अभ्यासक त्याचा संबंध या उंचवट्याशी जोडतात.

२००३ मध्ये रॉजर बिल्हॅम, रिबेका बेंडिक आणि के. वॉलेस यांनी दाखवले की या उंचवट्याच्या दक्षिणेला भूपट्ट पुन्हा किंचित खाली वाकतो. तिथे पट्टीची वरची बाजू आत वळते, म्हणून पृष्ठभागाजवळचा खडक दाबला जातो. मुळात उत्तरेकडे सरकण्याने त्यावर दाब आहेच, त्यात ही भर. किल्लारी, कोयना आणि २००१ मधला भूज हे भूकंप याच दाबाच्या पट्ट्यात झाले, असे त्यांचे म्हणणे आहे. किल्लारीला खडकाचा एक भाग दुसऱ्यावर चढला होता. दाबाखाली खडक असाच तुटतो.

इथे थोडी सावधगिरी हवी. भूपट्टाचे वाकणे हे एकच कारण नव्हे. खडकातल्या जुन्या कमकुवत रेषा महत्त्वाच्या असतात, आणि कोयनेला १९६७ च्या भूकंपात धरणाच्या जलाशयाचाही हात होता असे मानतात. या ज्ञानावरून पुढचा भूकंप कधी आणि कुठे होईल हेही सांगता येत नाही. एक मात्र सांगता येते. पठारावर ज्या जागी भूकंपाची नोंद नाही, ती जागा त्यामुळे सुरक्षित ठरत नाही. २००२ मध्ये भूकंपक्षेत्रांचा नकाशा सुधारला तेव्हा ‘सर्वांत कमी धोक्याचे’ पहिले क्षेत्र काढूनच टाकले गेले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. ही सुधारणा झाली, पण हजारो माणसे गेल्यानंतर.

वर्गात काय करावे?

प्राकृतिक विभागांचा धडा शिकवताना रंगीत नकाशाबरोबर फळ्यावर आणखी एक आकृती काढावी, असे मला वाटते. कन्याकुमारीपासून तिबेटपर्यंतचा उभा छेद. डावीकडे पठार, मध्ये किंचित उंचवटा, मग खाली उतरत जाणारा खडक, त्यावर पाचरीसारखा गाळ, आणि उजवीकडे खोल मूळ असलेला हिमालय. तिन्ही विभागांखालून भूपट्टाची एकच सलग रेघ काढावी. ही रेघ काढताना मुलांना विचारावे, हिमालय दिवसेंदिवस उंच होत असेल तर मैदानाचे काय होईल, आणि आपल्या गावाखालच्या खडकाचे काय होईल?

‘स्थिर’ हा शब्द शिकवायला हरकत नाही. हिमालयाच्या तुलनेत पठार स्थिर आहेच. पण तुलनेत स्थिर आणि सुरक्षित यांतला फरकही त्याच तासाला सांगितला पाहिजे. आपले घर, आपली शाळा हादरा सोसेल अशी बांधली आहे का, भिंतींना आडवे-उभे पट्टे आहेत का, हे मुलांना स्वतः पाहायला सांगता येईल. भिंत ओळंब्यात आहे का हेही पाहायला सांगावे. ओळंबा लागेलच, तो गावातल्या कुठल्याही गवंड्याकडे मिळेल.